विटा-मालाचा खेळसंच : मुलांना भिंत बांधायला खरंच शिकवतो का?

रानमोगरा

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगा (वय नऊ) आणि भाची (वय अकरा) यांच्यासाठी एक बांधकामाचा खेळसंच घेतला. त्यात खऱ्या भाजक्या मातीच्या बोटभर विटा आहेत, पाण्यात कालवायची मालाची (विटा जोडणाऱ्या लगद्याची) पावडर आहे, छोटी थापी, लाकडी दारं-खिडक्या, छपराचे भाग आणि एका घराचा नकाशा आहे. असे संच आता दोन-तीन कंपन्यांचे मिळतात, जर्मनीची तायफॉक ही त्यातली नावाजलेली. मी घेतलेल्या संचाचं नाव देत नाही, कारण मला लिहायचंय ते या सगळ्या प्रकाराविषयी.

मी फोंड्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करते. दिवसभर भिंती कागदावर काढते, त्यामुळे हा खेळ मुलांच्या हातात काय देतो याकडे माझं बारीक लक्ष होतं. आधीच सांगते, संच चांगला आहे, जरूर घ्या. पण पुस्तिकेतलं घर बांधायच्या मागे लगेच लागू नका. आधी नुसत्या भिंती बांधू द्या. या खोक्यातलं खरं शिक्षण भिंतीत आहे, घरात नाही.

माल म्हणजे बारीक वाळू आणि मक्याचा स्टार्च. सिमेंट नाही, त्यामुळे हात जळत नाहीत आणि बांधलेलं पाण्यात बुडवून ठेवलं की माल सुटतो, विटा पुन्हा वापरता येतात. पावडर कालवणं हाच पहिला धडा. पाणी जास्त झालं तर वीट तरंगते आणि दाबली की माल दोन्ही बाजूंनी ओघळतो. कमी झालं तर विटेला चिकटतच नाही. आणखी एक गंमत म्हणजे विटा खऱ्या मातीच्या असल्याने पाणी शोषतात. कोरडी वीट ठेवली की खालचा माल क्षणात भुरभुरीत होतो. भाचीच्या हे आपणहून लक्षात आलं. ती विटा वाटीतल्या पाण्यात बुडवून, निथळून मग लावायला लागली. साइटवर विटा आधी पाण्यात का टाकतात, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

मग दोघांना दोन भिंती बांधायला लावल्या. एकीत विटेवर वीट सरळ, उभ्या सांध्यावर उभा सांधा. दुसरीत प्रत्येक थरात अर्धी वीट सरकवून सांधा मोडलेला. दोन्ही पूर्ण वाळू दिल्या आणि मग मधोमध बोटाने ढकलायला सांगितलं. पहिली उभ्या सांध्यातून फाटली आणि तिचे वेगवेगळे खांब झाले. दुसरी अख्खी एकजीव मागे कलली. तीच वीट, तोच माल, तीच उंची. मुलगा बराच वेळ फाटलेल्या भिंतीचे खांब पुन्हा जुळवून बघत होता. भिंत मालाने नाही, मांडणीने उभी राहते हे मी शंभर वेळा तोंडाने सांगितलं असतं तरी पोचलं नसतं.

आता कोपरा. विटेची लांबी ही दोन रुंद्या आणि मधला एक सांधा एवढी असावी लागते. आपल्याकडच्या मॉड्युलर विटेचं माप १९० बाय ९० बाय ९० मिमी असतं आणि सांधा १० मिमी, म्हणजे ९० अधिक १० अधिक ९० बरोबर १९०. म्हणूनच कोपऱ्यावर एक वीट लांबीने आणि वरची रुंदीने आली की अर्ध्या विटेचा मोड आपोआप मिळतो. खेळातल्या विटांचंही तसंच. पण हे गणित सांध्याच्या जाडीवर उभं आहे. मुलाचा हात सढळ, माल भरपूर. तिसऱ्या थरापासून उभे सांधे एकमेकांच्या दिशेने सरकायला लागले आणि पाचव्या थरात दोन सांधे एकावर एक आले. भाचीचे सांधे बारीक आणि एकसारखे होते, तिची भिंत टोकापर्यंत जुळली. त्यावर मुलाने स्वतःच आइस्क्रीमची काडी मधे धरून सांध्याचं माप ठरवलं. इथे मला खोक्याचे पैसे वसूल झाले.

उणिवा मात्र आहेत. पुस्तिकेत फक्त आडव्या विटांची, अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत आहे. इंग्लिश बाँड, फ्लेमिश बाँड या विटा रचायच्या पद्धतींचा उल्लेखही नाही. खिडकीवर लाकडी पट्टी टाकायला सांगतात, पण ती दोन्ही बाजूंच्या भिंतीवर किती बसली पाहिजे आणि का, हे एका ओळीतही सांगत नाहीत. ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीचं वजन) नाही, दोरी नाही. आम्ही शिवणाच्या दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. गिलाव्याचं तर नावच नाही. अद्धे (अर्ध्या विटा) मोजकेच दिलेत, नकाशा सोडून स्वतःचं काही बांधायला गेलं की लगेच संपतात.

कुणी असा संच वापरला असेल तर अनुभव लिहा. विशेषतः जाड भिंती कुणी करून पाहिल्या असतील तर.

---

म्हापसेकर

चांगलं लिहिलंय ताई. आमच्याकडेही मोठीसाठी घेतला होता, पण पावसात. माल वाळेचना. वरून कोरडा दिसायचा, आत ओलाच. शेवटी भिंतीवर बुरशी धरली. पावसाळ्यात हा खेळ काढावा की नाही?

---

रानमोगरा

म्हापसेकर, स्टार्च म्हणजे बुरशीला खाऊच. जुलै-ऑगस्टात आपल्याकडच्या हवेत काढू नका असंच म्हणेन. काढलाच तर एका वेळी दोन-तीन थरच बांधून पंख्याखाली ठेवायचे. बुरशी आली असेल तर विटा गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासा आणि कडक उन्हात वाळवा, माती आहे, काही होत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की नंतरच्या उघडिपीत मस्त होतं. आणि हो, धुतलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका, वाळू पाइपात बसते. बादलीत निवळू द्या आणि झाडाच्या मुळाशी ओता.

---

ओळंबा

मी सिव्हिलचा, चाळीस वर्षं साइटवर काढली, आता निवृत्त. धागा वाचून फार बरं वाटलं, पण एका बाबतीत मुलांना सावध करायलाच हवं.

हा माल वाळून घट्ट होतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्यासाठी त्यात पाणी टिकावं लागतं. म्हणून तर बांधकामावर दिवसचे दिवस पाणी मारतात. खेळात मूल शिकतं की भिंत पंख्याखाली ठेवली की लवकर पक्की होते. खऱ्या भिंतीला हे केलं तर ती कच्ची राहते. मी कितीतरी घरमालक पाहिले की गिलावा लवकर सुकावा म्हणून दारं-खिडक्या उघड्या टाकतात. हा समज लहानपणीच घट्ट बसू नये.

कुणी म्हणेल, जुन्या गोव्यातल्या घरांत सिमेंट कुठे होतं, चुनाच होता. बरोबर, पण चुनाही नुसता वाळून दगड होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो, आणि त्यालाही थोडा ओलावा लागतो. एकदम कोरडा पडला तर पिठासारखा सुटतो.

बाकी विटा भिजवणं, सांधा मोडणं, एका दमात फार उंच न चढणं, हे या संचातून उत्तम शिकता येतं. साइटवरचा नियमच आहे की एका दिवसात विटांचं काम फार वर नेऊ नये, कारण खालचा ओला माल वरच्या वजनाने दबतो. मुलांना एकदा मुद्दाम दहा-बारा थर एका बैठकीत चढवू द्या. खालचे सांधे चेपून भिंत पोटात फुगते, ते त्यांना ओळंब्याने मोजायला लावा. साइटवर मला हेच सगळ्यात जास्त वेळा मोडून परत करून घ्यावं लागलं.

---

रानमोगरा

ओळंबाकाका, हा मुद्दा फार मोलाचा. आज संध्याकाळी दोघांना घराशेजारच्या बांधकामावर नेणार आहे, तिथे स्लॅबवर पाणी बांधून ठेवलंय. स्लॅब वाळवायचं सोडून त्यावर तळं का केलंय, हा प्रश्न मी आधी त्यांनाच विचारणार.

---

बटणवाला

मडगावहून. मी लेगोवाला, त्यामुळे थोडं माझ्या बाजूचं बोलतो. लेगोच्या विटेचं पेटंट १९५८ सालचं. त्या साली निघालेली वीट आजच्या विटेवर बसते, इतकी मापं काटेकोर आहेत. सांधे मोडून बांधायचं तत्त्व आम्हीही पाळतो, नाही पाळलं तर तिथेही भिंत उभी फाटते. मग मालाचा हा सगळा पसारा कशाला? लेगोत सेट्सही असे आहेत की त्यातून बांधणीची तंत्रं शिकता येतात. उदाहरण देतो. बटणं (विटेवरचे गोल उंचवटे) वर न ठेवता बाजूला तोंड करून बांधायचं एक तंत्र आहे. पातळ प्लेट ३.२ मिमी उंच, आणि दोन बटणांची रुंदी १६ मिमी. म्हणजे पाच प्लेटा आडव्या केल्या की बरोबर दोन बटणांच्या जागेत बसतात. या एका हिशेबावर मोठमोठी मॉडेलं उभी आहेत. हे गणित काही कमी आहे का?

---

रानमोगरा

बटणवाला, अजिबात कमी नाही. पाच प्लेटा आणि दोन बटणांचा हिशेब मी आजच भाचीला दाखवणार. पण फरक सांगते. लेगोत माप कारखान्यातून येतं, मुलाला ते फक्त वापरायचं असतं. इथे सांध्याचं माप मुलाच्या हातात आहे. लेगोची भिंत ओळंब्यात असतेच, ही भिंत ओळंब्यात ठेवावी लागते. दोन्ही खेळ घरात असावेत, पण भिंत तिरकी का जाते हे कळायला तिरकी जाऊ शकणारी भिंत लागते.

---

सातेरी

मी डिचोली तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, चौथीचा वर्ग. या संचाची एक पेटी शाळेत देणगीत आली होती. वर्गात तीस मुलं, पेटी एक. प्रत्येकाला जेमतेम दोन विटा. मी मग वेगळं केलं. मुलांना बाहेर कंपाउंडच्या भिंतीपाशी नेलं. आपल्याकडे सगळ्या भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), आणि आमच्या कंपाउंडला गिलावा नाही, त्यामुळे सांधे उघडे दिसतात. खडूने प्रत्येक उभा सांधा रंगवायला सांगितला. पांढऱ्या रेघा वर-खाली एका ओळीत येतात का बघा म्हटलं. एका ठिकाणी चार थर सलग एकाच रेषेत आले होते, आणि नेमकी तिथेच भिंतीला भेग होती. मुलं ओरडायलाच लागली. नंतर वर्गात येऊन पेटीतल्या विटांनी तीच चूक करून पाहिली.

घरी असलेल्या कुठल्याही चिऱ्याच्या कंपाउंडला हे करता येईल. संच नसला तरी.

---

रानमोगरा

सातेरीताई, सुंदर! संच आणि गोवा यांची गाठ इथेच पडते. विटांचं घर आपल्या मुलांनी फारसं पाहिलेलंच नसतं, चिरा मात्र रोज डोळ्यांसमोर. चिऱ्याबद्दल आणखी एक सांगा त्यांना, खाणीतून काढताना तो बऱ्यापैकी मऊ असतो, कोयत्यासारख्या हत्याराने तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होत जातो. म्हणजे तोही एक प्रकारे उघड्यावर 'पिकतो'. भाजलेली वीट आणि हवेत घट्ट झालेला चिरा शेजारी ठेवून मुलांना पाणी शोषू द्या, फरक दिसेल.

---

मांडवीपार

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जाड भिंतीबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, आम्ही पहिल्या वर्षी असेच छोटे ठोकळे वापरले होते.

इंग्लिश बाँडमध्ये एक थर आडव्या विटांचा आणि एक थर टोकं बाहेर काढलेल्या विटांचा, आलटून पालटून. कोपऱ्याला सरळ लावत गेलात तर सांधे एकावर एक येतात, म्हणून टोकांच्या थरात कोपऱ्याच्या विटेला लागून उभी अर्धी कापलेली वीट घालावी लागते. तिला क्वीन क्लोजर म्हणतात. तुमच्या संचात ती नसणार, पण खेळातली वीट करवतीच्या पात्याने घासून उभी कापता येते, मोठ्या माणसाने कापावी आणि मास्क लावून, धूळ फार उडते. हा एक तुकडा घातला की अख्खी भिंत सुरळीत होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हा तुकडा हातात घेईपर्यंत कळला नव्हता.

दुसरं म्हणजे रॅट ट्रॅप बाँड. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तो खूप वापरला. विटा कडेवर उभ्या करून लावायच्या, मधे पोकळी राहते. सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे भिंत उन्हात कमी तापते. अद्धे संपले की हाच करा, पूर्ण विटाच लागतात बहुतेक.

आणि कमान! संचातल्या विटा आयताकृती असतात, पाचरीसारख्या नाहीत, म्हणून सांधा खाली बारीक आणि वर जाड ठेवायचा. आधार म्हणून टिश्यू रोलची नळी अर्धी कापून खाली ठेवा. दोन्ही टोकांपासून सारख्या विटा लावत या आणि मधली शेवटी. वाळल्यावर नळी अलगद काढा. मग दोन्ही बाजूंच्या टेकूविटा काढून पाहा, कमान पाय फाकवून बसते. कमान भार खाली नेते तसा बाजूलाही ढकलते हे इतक्या लवकर कशातूनच कळत नाही. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून जाताना बाजूच्या भिंती एवढ्या जाड का, हा प्रश्न मग मूल स्वतः विचारतं.

---

ओळंबा

मांडवीपार, शाब्बास. त्यात भर घालतो. कमान झाली की तिच्यावर सात-आठ थर चढवा, मग खिडकीवरच्या लाकडी पट्टीचा प्रयोग करा. पट्टी टाकून वर भिंत वाळू द्या आणि पट्टी हळूच बाहेर ओढा. सांधे नीट मोडलेले असतील तर सगळी भिंत कोसळत नाही, खालचा साधारण त्रिकोण तेवढा पडतो. वरच्या विटा आपापसात कमानीसारखं काम करतात. लिंटेलवर (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीवर) सगळ्या भिंतीचं नाही, बहुधा त्या त्रिकोणाचंच वजन धरतात ते याचमुळे. आम्हाला हे फळ्यावर शिकवलं होतं. मी साइटवर पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितलं ते एक जुनं लिंटेल काढताना, आणि तेव्हा छाती धडधडत होती. खेळात ते निवांत बघता येतं.

रानमोगरा, पुस्तिकेत नसलेलं बेअरिंग तुम्ही सांगा मुलांना. दोन्ही बाजूंना पट्टी निदान एका अख्ख्या विटेच्या रुंदीइतकी आत बसली पाहिजे. कडेवर टेकली तर टोकाची वीट चिरडते.

---

म्हापसेकर

हे सगळं वाचून खोकं पुन्हा काढावंसं वाटतंय. पण एक विचारतो, गिलाव्याचं काय? मुलीचा प्रश्न असा की चांगली भिंत केली तर झाकायची कशाला.

---

रानमोगरा

म्हापसेकर, तुमच्या मुलीला जुन्या गोव्यात बाँ जेझुस बॅसिलिकेपाशी न्या. लाल चिरा उघडा दिसतो म्हणून सगळे तिचे फोटो काढतात. पण ती मुळात तशी नव्हती. १५९४ मध्ये बांधायला घेतली, १६०५ मध्ये पूर्ण होऊन अभिषेक झाला, आणि बाहेरून चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून आपला पाऊस थेट चिऱ्यावर पडतोय आणि चिरा झिजतोय, त्यामुळे गिलावा परत करावा का यावर आजही वाद चालू आहे. गिलावा म्हणजे भिंतीची छत्री, हे तिथे उभं राहिलं की कळतं. जवळच्या सेंट ऑगस्टिनच्या मनोऱ्याचा उरलेला भागही दाखवा. तो बराचसा पडलाय, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा कोसळला. आतलं चिऱ्याचं बांधकाम तिथे थर दर थर उघडं दिसतं.

आणि घरी प्रयोग करायचा तर संचातल्याच मालात पाणी थोडं जास्त घालून ब्रशने भिंतीच्या एका बाजूला पातळ थर द्या. मग दोन्ही बाजूंना थेंब थेंब पाणी सोडा. अर्थात हा स्टार्च आहे, पाण्यात तोही सुटणारच, पण आधी कुठली बाजू सुटते ते मुलगी बघेल.

---

सातेरी

तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ विसरू नका. कदंबकाळातलं, काळ्या बेसॉल्टचं, आणि त्यात दगडांच्या मधे मालच नाही. नुसतं घडवून एकावर एक बसवलेलं. मुलांनी मालाशिवाय भिंत किती थर उभी राहते ते मोजलं, की मग तिथे नेलं तर ते देवळाकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

एक व्यवहारातला प्रश्न. जूनमध्ये शाळा उघडली की मला पुन्हा वर्गात घ्यायचंय. एक पेटी, तीस मुलं. काय बांधून घेऊ?

---

रानमोगरा

सातेरीताई, घर नकोच. पाच गट करा. प्रत्येकाला दहा-बारा विटा येतील. एक गट सरळ सांध्याची भिंत, एक मोडलेल्या सांध्याची, एक कोपरा, एक कमान, एक लिंटेल. बांधणं पहिल्या दिवशी, ढकलणं-मोजणं दोन-तीन दिवसांनी, माल पूर्ण वाळल्यावर. जूनमध्ये पाऊस धरला असेल तर माल न वापरता सुक्या विटांनी सरळ आणि मोडलेले सांधेच करा, ते दोन्ही मालाशिवायही दाखवता येतात. कमान मात्र ऑक्टोबरसाठी ठेवा. मालाची पावडर जास्तीची मागवावी लागेल. आमच्या पाकिटात मोठ्या घरापुरतीच होती, आणि विटा धुताना माल वाया जातोच.

क्वीन क्लोजर मी कापून पाठवते. किती हवेत ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.